सत्तावीस नंबरची गाडी

नंदनवन, नागपूर
८ फेब्रुवारी २०२६

अश्विन,

वर काय लिहायचं यातच माझे दोन दिवस गेले. 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील, आणि 'अनेक आशीर्वाद' लिहायला मी काही तुझी आजी नाही. तेव्हा नुसतं नाव लिहिलं. फोन तू उचलत नाहीस, बहुतेक माझा नंबरच बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे पत्र. पत्ता तुझ्या दिवाळीच्या पार्सलवरून उतरवून घेतला. होसूरपर्यंत ठीक आहे, पुढचं ते लांबलचक नाव चुकलं असेल तर पोस्टमन बघून घेईल.

पार्सल मिळालं होतं. जोडे आईला बरोबर झाले.

आता कामाचं. मागच्या आठवड्यात आईच्या मोबाईलवर चलानाचा मेसेज आला. तिला हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, माझी वेदिका वाचून दाखवते. उमरेड रोडवर हेल्मेट न घालता मोटरसायकल चालवली म्हणून दंड. आई म्हणाली, "मी कायची गाडी चालवतो वं? मले संडासपर्यंत जाता येत नाही." वेदिका हसत सुटली आणि तिने फोटो उघडून दाखवला. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवलेली काळी गाडी, वर डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला माणूस. नंबर ७०८६. तू गेलास तेव्हा वेदिका आठ वर्षांची होती, तिला काही आठवत नाही. मी चष्मा पुसून पुन्हा बघितला.

तुझीच गाडी. म्हणजे कागदावर आईची, कारण मास्तरणीच्या पगारावर कर्ज लवकर मिळालं. चालवायचास तू, आणि तीही रस्त्यावर कमी, मातीच्या ट्रॅकवर जास्त. रेसमधला तुझा सत्तावीस नंबर. अमरावतीचा कप अजून शोकेसमध्ये आहे, त्यात वेदिका सेफ्टी पिना ठेवते.

तू गेल्यावर चार महिन्यांनी मी ती गाडी विकली. बंटीने तुला कळवलं असेलच, तुझा मित्र तो, त्याच्या पोटात काय राहतं. आई पलंगावर होती. मी कोऱ्या फॉर्मवर तिच्या सह्या घेतल्या आणि फॉर्म, चावी, गाडी सगळं डीलरच्या हवाली केलं. पुढे नाव बदललं की नाही हे बघायला गेले नाही. अख्खं नागपूर असंच विकतं, मीही विकली. त्यामुळे अकरा वर्षं ती गाडी कुठे कुठे फिरली आणि मालकीण मात्र आपली आईच राहिली.

मे महिन्यात गाडीला पंधरा वर्षं होतील. त्याआधी आरटीओत तपासणी करून कागद नवे केले पाहिजेत, नाहीतर उद्या कुठे काही झालं तर पोलीस आईच्या पलंगापाशी येतील. डीलर अजून तिथेच बसतो. त्याच्या वहीत नाव सापडलं, शालिकराम, कुहीच्या पुढचं गाव. पुढच्या सुटीला जाऊन नाव बदलून टाकते.

तुझी गाडी होती म्हणून कळवलं, दुसरं काही नाही. जे झालं ते मी आता उगाळत नाही. ज्याचं चुकलं त्याला माहीत आहे.

शामलाताई

*

नंदनवन
१ मार्च २०२६

अश्विन,

उत्तर आलं नाही. मला अपेक्षाही नव्हती, तरी रोज गेटवरच्या डब्यात हात घालून बघते.

आज कुहीला जाऊन आले. वेदिकाला बरोबर नेलं. तिचे बाबा चंद्रपूरहून फक्त शनिवारी येतात आणि रविवारी झोपतात, त्यांना उठवायची माझ्यात ताकद नव्हती. गुडघे दुखतात, अश्विन. सत्तेचाळीस काही वय नाही म्हणतात लोक, ज्यांना दुसऱ्याला उचलून बसवायचं नसतं ते.

शालिकराम पन्नाशीचा माणूस. धानाची शेती, चार म्हशी, रोज पहाटे नागपूरला दूध. आम्ही नाव सांगितल्यावर त्याने हात जोडले.

"या बाई. अकरा वर्षांपासून तुमचीच वाट पाहून राहिलो. कुसुमताई तुम्हीच काय?"

मी म्हटलं, ती माझी आई.

"डीलर म्हणे, लेडी ओनर आहे, मास्तरीण होती, गाडी फक्त घर अन् शाळा. मी म्हटलं, चांगली गोष्ट आहे. पहिल्याच दिवशी ॲक्सिलेटर पिळला तं गाडी पुढं अन् मी मांगं. मंग मी रुखमाले म्हटलं, ह्या मास्तरणीची शाळा कुठं होती बाप्पा?"

वेदिका हसून हसून बाजेवर बसली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून गाल दुखले.

त्याने मग सगळं दाखवलं. सायलेन्सर कापलेला, हँडल बदललेला, आरशांची भोकं बंद केलेली. टाकीवरचा रंग कोपऱ्यात उडाला आहे आणि खालून तुझा सत्तावीस नंबर निम्मा दिसतो. "रेसची गाडी होय हे, मले तवाच समजलं," तो म्हणाला. "पण नाव ठेवाले जागा नाही. एक दिवस दूध उशिरा नाही गेलं."

आणि मागच्या चाकाला, डाव्या बाजूला, साडी गार्ड होता.

कंपनीचा नाही. कूलरची जुनी जाळी चौकोनी कापलेली, कडेने सळई वाकवून तारेने बांधलेली, दोन नटांवर बसवलेली, वरून हिरवा ऑइलपेंट. मी विचारलं, हा कोणी लावला. शालिकराम बोलायच्या आत त्याची बायको रुखमाबाई दारातून बोलली.

"आणली तवा जाळी नव्हती. मी म्हटलं, जाळी नाही तं मी बसत नाही. हे म्हणे, उद्या लावतो. मी म्हटलं, मंग उद्या बसतो."

एवढंच. ती आत चहा ठेवायला गेली. मी ओट्यावर बसले.

मी गेले होते नाव त्याच्यावर करून द्यायला. फॉर्म पिशवीत होते, आईची सही झालेली होती. आणि चहा हातात घेऊन मी काय बोलले तर, "गाडी मला विकता का?"

शालिकराम म्हणाला, "तुमचीच गाडी तुमालेच विकू? कागदावर तं तुमचीच आहे." मी म्हटलं, कागदाचं राहू द्या. तो बायकोकडे गेला, दोघं गोठ्यापाशी उभे राहून बोलले. त्याला तसंही बटणाने सुरू होणारी गाडी हवी होती, पहाटे किक मारून त्याचाही गुडघा गेला आहे. भाव ठरायला पाच मिनिटं लागली नाहीत. मग रुखमाबाई पाना घेऊन आली आणि चाकापाशी बसली.

"गाडी न्या. जाळी नाही देत मी. थे नव्या गाडीले लावीन."

तिने जाळी काढली, पदराने पुसली आणि घरात नेऊन ठेवली.

वेदिकाने गाडी चालवत आणली. लायसन्स आहे तिच्याकडे, घाबरू नकोस. मागे बस म्हणाली. मी पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी पिशवीत टाकली असती तरी चाललं असतं. पण मी बसने आले.

तुला वाटेल, हिला गाडीचं काय अप्रूप. काही नाही. ती पोर्चमध्ये उभी आहे आणि मी तिच्यावर जुनी चादर टाकली आहे. तू गार्ड काढला नसतास तर आज यातलं काहीच झालं नसतं, एवढंच मला बसमध्ये सारखं वाटत होतं.

ताई

*

नंदनवन
२२ मार्च २०२६

अश्विन,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य पेटीत टाकल्या टाकल्या मला परत घ्यावंसं वाटलं. पोस्टाची पेटी काही परत देत नाही.

आईला गाडी कळली. चादर वाऱ्याने सरकली आणि तिला खिडकीतून दिसली. "कोणाची होय वं?" म्हणाली. वेदिका भोळेपणाने बोलून गेली, "तुझीच आहे आजी, कागदावर." आई मला म्हणाली, "हे काहून आणली? माह्या डोळ्यासमोर काहून उभी केली?" तेव्हापासून तिने खिडकी लावून घेतली आहे. उन्हाळा लागला, खोलीत घुसमट होते, पण ती उघडू देत नाही.

काल मी माळ्यावर चढले. तुझी गोणी तिथेच आहे, कपाटामागे. रेससाठी काढलेलं सगळं तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर पेनने लिहून ठेवलं आहेस. आरसा उजवा. आरसा डावा. चेन कव्हर. इंडिकेटर चार. आणि सगळ्यात मोठं पुडकं, 'साडी गार्ड, पाय ठेवायच्या पट्टीसकट. दोन बोल्ट, बारा नंबरचा पाना.' तुझं शाळेतलं अक्षर कधी वाचता यायचं नाही. हे इतकं नीट कसं काढलंस?

हे सगळं परत बसवल्याशिवाय तपासणीत गाडी पास होणार नाही. बंटीला सांगितलं तर तो एका तासात करून देईल. मला त्याच्याकडून करून घ्यायचं नाही. कुठे काय बसतं ते तू लिहून पाठव. आणि आता खरं लिहिते. हे तिसरं पत्र आहे, एकात तरी खरं असायला पाहिजे.

३० जून २०१४. आईच्या निवृत्तीचा दिवस. घरी पंचवीस माणसं. पारशिवनीची पार्वतीबाई मावशी सकाळपासून आलेली. मी पाटोड्या केल्या होत्या, पानं मांडली होती, दीड वाजून गेला होता. आणि शाळेच्या गेटवरून तुझा फोन आला. तो फोन मला शब्दन् शब्द पाठ आहे, तुलाही असेल.

तू म्हणालास, "ताई, ऑटो नाही भेटून राहिला. माह्या गाडीले गार्ड नाही, कालच्या रेससाठी काढला. आईले इथंच बसवतो, घरी येऊन गार्ड लावतो अन् परत जातो. जाणं-येणं सोडून वीस मिनिटं."

मी म्हटलं, "पाहुणे बसून राहिले, भात थंडा होऊन राहिला. काही नाही होत. पदर खोचून बसव अन् घेऊन ये."

तू म्हणालास, "चेन कव्हर बी नाही, ताई."

मी म्हटलं, "आण म्हटलं ना तिले."

आणि फोन ठेवला. बाबा गेल्यापासून घरात माझा शब्द चालायचा, तुला तीच सवय लागलेली. तू आणलंस. तिच्या मांडीवर शाल, नारळ, मिळालेल्या साड्या, मुलांनी दिलेली कागदी फुलं. पदर धरायला तिला हातच मोकळा नव्हता. मी दारात उभी होते आणि गल्लीच्या वळणावर माणसं धावताना दिसली. पदर चेनमध्ये ओढला गेला होता.

हे एवढंच असतं तरी मी लिहिलं नसतं, चूक झाली म्हणून गप्प बसले असते. पण दवाखान्यात संध्याकाळी आई शुद्धीवर आली आणि तिने विचारलं, "यानं मले जाळीशिवाय काहून बसवलं?" तू पलंगाच्या पायाशी उभा होतास, शर्टाला तिचं रक्त. आणि मी म्हटलं, "मी नाही म्हटलं होतं त्याले. ऐकलं नाही यानं."

तू माझ्याकडे बघितलंस. मी वाट बघत होते की तू आता ओरडशील, आपण तिथेच भांडू आणि मला खरं बोलावं लागेल. तू काही बोलला नाहीस. रात्र गेली की सकाळी सांगू, असं मी ठरवलं. सकाळी डॉक्टरांनी तिचं डावं पाऊल निम्मं कापलं. त्यानंतर ती मला धरूनच उठायची, मला धरूनच बसायची. "याले माह्यासमोर आणू नको" म्हणाली. तू चार महिने स्वैपाकघरात बसून जेवलास, मग एक दिवस बॅग घेऊन गेलास. मी तुला थांबवलं नाही. तू गेल्यावर मला मोकळं वाटलं. हेही लिहून टाकते.

अजून एक आहे. जोडे.

पुढच्या दिवाळीला पहिलं पार्सल आलं. डाव्या जोड्यात पुढे गादी भरलेली, आतून मऊ कातडं. आईच्या पायाचं माप तुझ्याकडे कसं होतं, कोण जाणे. ती तुझं नाव काढू द्यायची नाही, तुझे म्हटलं असतं तर फेकून दिले असते. मी म्हटलं, सीताबर्डीत करवून घेतले. ते एकदाच म्हणायचं होतं. पण दुसऱ्या वर्षी पुन्हा पार्सल आलं आणि तिने आधीच विचारलं, "ह्या वर्षी कोणत्या रंगाचे करून राहिली वं?" अकरा जोड झाले. ती शेजारणींना पाय पुढे करून दाखवते. म्हणते, "माह्यी शामला करून आणते." मी तिथेच उभी असते.

तुला माझा राग येत असेल तर मला बरं वाटेल.

ताई

*

नंदनवन
१२ एप्रिल २०२६

अश्विन,

तुझा कागद मिळाला. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलास ते शहाणपणाचं केलंस. मी तो टेबलाखाली धरून वाचला आणि मग अर्धा तास कॉलेजच्या फीच्या पावत्या चुकीच्या फाडल्या.

वर नाव नाही, खाली सही नाही. नुसती गाडीची आकृती आणि बाण. लांब बोल्ट वर, आखूड खाली. वॉशर विसरायचा नाही. पट्टी आधी सैल ठेवायची, गार्ड बसला की आवळायची. मला वाटलं, एवढंच आहे. मग कागद उलटला तर मागे दोन ओळी.

'आईला सांगू नकोस. तिच्याजवळ आता एकच लेकरू आहे.'

अकरा वर्षं मी समजत होते की तू रागाने गप्प आहेस. रागाने असतास तर किती सोपं झालं असतं. मला तुझं हे चांगलं वागणं पेलत नाही, खरंच सांगते. तू मला सूट दिलीस. ती घेतली असती तर कोणालाच कळलं नसतं आणि आणखी दहा वर्षं सरली असती. पण मी थकले. खोटं एकदा बोलायला काही लागत नाही, अश्विन, पण नंतर ते रोज सांभाळावं लागतं. पार्सल आलं की खोका जाळा, पाहुणे आले की विषय बदला, आईला झोपेत तुझं नाव घेताना ऐकलं की टीव्ही मोठा करा. हो, घेते ती झोपेत.

तुझं ऐकलं नाही. मी सांगितलं.

गुरुवारी दुपारी, ती गहू निवडत होती. मी समोर बसले आणि फोनपासून सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसंच. तिचे हात चालूच होते. सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"जोडे बी?"

मी म्हटलं, "जोडे बी."

तिने ताट बाजूला केलं आणि वेदिकाला हाक मारली. पलंगाखालचे, कपाटातले, गच्चीवरच्या खोक्यातले, सगळे जोडे काढायला लावले. अकरा जोड भिंतीशी ओळीने मांडून घेतले. पहिल्या एक-दोन जोडांच्या गाद्या पार चेपल्या आहेत. ती पलंगावर बसून संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे बघत होती.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. चहा वेदिकाच्या हातचा घेते. मला धरून उठायची, आता वॉकर धरून एकटीच उठते, मी मागे हात पसरून उभी राहते आणि ती माझ्याकडे बघत नाही. वेदिकाशीही मला बोलायचं आहे, आज नाही.

खिडकी मात्र उघडली आहे.

ताई

*

नंदनवन
३ मे २०२६

अश्विन,

नागपूर तापलं आहे. कूलर रात्रंदिवस चालतो, तरी भिंती गरमच. तुला तिकडे या दिवसांत काय होतं माहीत नाही. मी तुझ्याबद्दल किती कमी जाणते हे पत्र लिहायला बसल्यावर कळतं.

आई काल माझ्याशी बोलली. तेवीस दिवसांनी.

सकाळी तिने या वर्षीचे जोडे घातले आणि वॉकर घेऊन पोर्चमध्ये आली. वेदिकाने खुर्ची ठेवली. आई गाडीसमोर बसली, शाळेत परीक्षेच्या वर्गावर देखरेखीला बसायची तशी ताठ, मांडीवर तिचं जुनं घड्याळ. आरसे, इंडिकेटर, चेन कव्हर वेदिकाने आठवड्यात बसवले होते, मी नुसतं सामान हातात दिलं. सायलेन्सर आणि हँडल जुने मिळाले. गार्ड राहिला होता. तीनदा हातात घेऊन मी तो परत गोणीत ठेवला होता.

आई म्हणाली, "आण थो गार्ड. माह्यासमोर लाव."

मी तुझा कागद चाकाला टेकवून ठेवला आणि जमिनीवर बसले. गुडघे मुडपत नाहीत, एक पाय पसरूनच बसावं लागलं. पहिला बोल्ट हातातून निसटून मोरीपर्यंत गेला. वेदिका आणायला निघाली तर आई म्हणाली, "तिले आणू दे." मी रांगत जाऊन आणला. वॉशर विसरले, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. पाना उलटा धरला होता, तो सुलटा केला. पट्टी सैल ठेवली, गार्ड बसवला, मग आवळलं. हात काळे झाले, कोपर खरचटलं. दोन्ही हातांनी गार्ड ओढून पाहिला, हलला नाही.

मी वर बघितलं. आई घड्याळाकडे बघत होती.

"सतरा मिनिटं," ती म्हणाली.

आयुष्यात कधी पाना हातात न धरलेल्या बाईला, बोल्ट हरवून, एकदा चुकून, सतरा मिनिटं. तू वीस मागितली होतीस.

मग मी रडले. जमिनीवर बसूनच, ग्रीसच्या हातांनी. आईने मला उठवलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. तिने ठेवावा असं मला वाटत होतं, पण तो माझा हट्ट झाला. थोड्या वेळाने म्हणाली, "भात लाव आता. पोरीले भूक लागली." मी लावला, आणि माझ्या हातचा तिने खाल्ला.

जेवण झाल्यावर तिने मला कागद घ्यायला सांगितलं. म्हणाली, मी सांगतो ते लिही, तुह्यं काही घालू नको. मी लिहिलं ते असं:

"तपासणी अठरा तारखेले आहे. पोरगी म्हणते मी नेतो, मी नाही म्हटलं. ज्याची गाडी त्यानं न्यावी. मी मांगं बसून येतो. अकरा जोड घातले, आता पायाचं माप बदललं आहे, ते बी घेऊन जाय."

तिचं इथे संपलं. मी विचारलं, खाली काय लिहू, आशीर्वाद? ती म्हणाली, "थो आल्यावर देतो."

माझं थोडंसं आहे. तू येशील की नाही मला माहीत नाही, आणि ये असं म्हणायचा हक्क मला उरलेला नाही. पण आलास तर गाडी पोर्चमध्ये आहे, चावी फ्रिजवर. गार्ड मी बसवला आहे, तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तू स्वतः ओढून बघ, चेन कव्हर बघ, तिचा पदर बघ. तुला वीस मिनिटं लागोत नाहीतर दोन तास, पाहुणे बसून राहतील. तुझी खात्री पटली तरच तिला बसव.

ताई